खंडेनवमीच्या आधीची मोळी

बीडला चाललेय म्हटलं की पुण्यातल्या माणसांचे चेहरे बघण्यासारखे होतात. "लग्न आहे का कुणाचं?" शेजारच्या काकूंनी विचारलं. लग्न नाही म्हटल्यावर, "मग बदली झाली का?" नुसतं कामासाठी कुणी हौसेनं तिकडे जाईल हे त्यांना पटेचना. त्यात त्यांची चूक नाही. माझं काम नेमकं काय हे आमच्या घरातही अजून कुणाला धड सांगता येत नाही. मी इंडस्ट्रियल डिझायनर आहे. सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "ती खुर्च्याबिर्च्या काढते." खुर्च्या मी पुष्कळ काढल्या हे खरंच आहे. पण गेली काही वर्षं मी अशाच वस्तूंच्या मागे लागलेय, ज्यांनी राबणाऱ्या माणसाचं अंग जरा कमी दुखेल.

ऊसतोड करणाऱ्या बायका उसाची मोळी डोक्यावर घेतात. खाली चुंबळ, वर मोळी, आणि तसंच उभ्या फळीवरून चढून ट्रॉलीत टाकायची. एकदा बघितलं आणि माझीच मान धरली. त्यातून एक चौकट निघाली. हलक्या पाइपची, दोन्ही खांद्यांवर गादीसकट बसणारी, आणि डोक्याच्या वर थोडी मोकळी राहणारी. मोळी चौकटीवर बसते, डोक्याला लागतच नाही. पट्टे-बकलं मुद्दाम ठेवली नव्हती, कारण मोळी झटक्यात टाकता आली पाहिजे. श्रावणात मी थोड्या चौकटी शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवर पाठवून दिल्या होत्या. निरोप असा होता की तोडीला निघायच्या आधी घरच्या कामाला वापरा. सरपण, चारा, काय असेल ते त्यावर वाहा. गादी कुठे झिजते, पाइप कुठे टोचतो, ते मी आश्विनात येऊन बघीन.

शिरूर कासार

प्रवासाचं काय सांगू! एसटी ती एसटी. पण नगर मागे पडून बालाघाटाचे डोंगर दिसायला लागले आणि मी खिडकीला चिकटले. दुष्काळी दुष्काळी म्हणून जे चित्र डोक्यात घेऊन गेले होते, ते तिथे नव्हतंच. पाऊस बरा झाला होता. सिंदफणा नदीला पाणी होतं, बाजरी काढून झाली होती, कापूस फुटायला लागला होता आणि रस्त्याच्या कडेनं बायका सीताफळांच्या पाट्या मांडून बसल्या होत्या. डोळे उघडलेली, पिकायला आलेली सीताफळं. मी एक पाटीच उचलली आणि मग ती आणि माझी भलीमोठी पिशवी सांभाळताना माझी जी काय तारांबळ उडाली!

पिशवीत माझी जुनी चौकट होती, सगळ्यात आधी बनवलेली. नव्या कशा झिजल्या ते तिच्याशी ताडून बघायचं होतं.

स्टँडवर सुरेखाताई घ्यायला आल्या होत्या. त्या वस्तीवरच्या आशा कार्यकर्त्या, सरकारी आरोग्याचं काम बघणाऱ्या. चौकटी त्यांच्यामार्फतच पोचल्या होत्या. त्यांच्या स्कूटीवर पुढे सीताफळं, मागे मी आणि माझ्या मांडीवर ती चौकट, असं आमचं वरातीसारखं ध्यान बघून चहाच्या टपरीवरचा एक जण ओरडला, "सुरेखाताई, पाहुनी टीव्हीचा अँटिना घेऊन आली का काय?"

"गप बे!" सुरेखाताई म्हणाल्या आणि त्यांनी स्कूटी दामटली.

आम्ही कालिंदाकडे उतरलो. कालिंदा पस्तिशीची, उंच, बोलायला फटकळ. पत्र्याचं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, अंगणात शेळी. सासू गयाबाई ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. पाणी झालं, चहा झाला, आणि मला धीर कुठला! "चौकट दाखवा की," म्हटलं. "किती झिजली?"

कालिंदानं मोठ्या कौतुकानं मला आत नेलं. देवाच्या फळीखाली भिंतीला टेकून माझी चौकट उभी होती. पाइपला हळदी-कुंकवाची बोटं. गादीवर लाल कापड. त्यावर धुळीचा कण नाही. ती दोन महिन्यांत इकडची तिकडे झाली नव्हती.

"ही वापरली नाही?"

"वापरनार कशी?" कालिंदानंच मला उलटा प्रश्न केला. "आजून खंडेनवमी कुठं झाली?"

मी तशीच पुढच्या घरी गेले. तिथे चौकट धान्याच्या कोठीवर, नवी कोरी. त्याच्या पुढच्या घरी खुंटीला, प्लॅस्टिकच्या पिशवीत. एका घरी तर तिला झेंडूचा हारच होता. सगळ्या बायकांनी हसून हसून दाखवल्या आणि मी सगळीकडे "वा, छान" म्हणत मनातल्या मनात कपाळ बडवत होते. दोन महिन्यांचा अभ्यास असा देवापुढे हात जोडून उभा!

परत आल्यावर गयाबाईंनी मला समजावलं. खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन, धार लावून पुजायची, आणि मगच तोडीला निघायचं. नवं हत्यार पुजल्याशिवाय रानात नेलं तर ते धन्यालाच लागतं. "कोयता कदी पुजल्याबगर चालवलाय का आमी? मंग हे तरी कावून वापरावं? हे बी हत्यारच की."

मी रागावणार होते, पण ते ऐकून राग कुठल्या कुठे गेला. आजवर मी खेड्यापाड्यांत जे जे काही नेलं, त्याला लोक "वाटप" म्हणाले. शिलाई मशीन, काठी, स्टूल, सगळं वाटपच. या बायकांनी माझ्या चौकटीला कोयत्याच्या पंक्तीला बसवलं होतं. आणि आपण तरी काय वेगळे? शोरूममधून गाडी बाहेर काढताना चाकाखाली लिंबू ठेवतोच की. पण गहिवर आला म्हणून अडचण सुटत नव्हती.

कालिंदाची मान

अडचण माझी एकटीची नव्हती, हे दुपारी जेवताना कळलं. येसरची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी होती, आणि बाजरीची भाकरी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गयाबाई खूश झाल्या. "पुन्याची हाय, गूळ द्या तिला!" गूळ दिला. मी आमटी सोडली नाही, पुन्हा वाटी पुढे केली.

भाकरी थापताना कालिंदा मधेच थांबून उजवा हात झटकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "मुंग्या येत्यात." मागच्या हंगामापासून मान दुखत होती. नंतर हाताला मुंग्या यायला लागल्या, आणि उन्हाळ्यात एकदा हातातून भरला हंडाच सुटला. सुरेखाताईंनी तिला बीडला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढला आणि सरळ सांगितलं, आता डोक्यावर ओझं घ्यायचं नाही.

"मग तोडीला?"

 ते सुरेखाताईंनी सांगितलं. तोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दोघांनी तोडायचं, बांधायचं, वाहायचं. एकानं हात आखडले तर त्याचा भार टोळीतल्या दुसऱ्यांवर पडतो, म्हणून मुकादम अर्धी जोडी घेतच नाही. कालिंदाच्या नवऱ्यानं, भागवतनं, मुकादमाला सांगून ठेवलं होतं की बायकोला नाही जमलं तर तिच्या जागी पोरगी येईल. पोरगी म्हणजे प्रतीक्षा. ती दहावीला होती.

"मी म्हनलं, मी मेले तरी चालंल," कालिंदा तव्याकडे बघत म्हणाली, "पर तिला न्हाई न्यायचं. मी बी आशीच गेलते. आईला जमंना म्हनून. नववीतून. ती जी गेले, ती गेलेच."

एवढ्यात प्रतीक्षा शाळेतून आली. शिडशिडीत, दोन वेण्या, आईसारखीच उंच. दप्तर ठेवलं, माझ्या पाया पडली आणि चुलीजवळ बसून जेवली.  मी अंगणात हात धुवायला गेले तशी मागून आली आणि पाणी घालता घालता हळूच म्हणाली, "मॅडम, ते चालंल का वो?"

"काय?"

"आईचं ते. चौकट."

मला खोटं बोलवेना. म्हटलं, "माहीत नाही गं. करून बघायला पाहिजे."

"मंग बगा की," ती म्हणाली. तांब्या तिथंच ठेवून ती आत पळाली.

करून बघायचं तर नवमीच्या आधीच. कारण नवमीला मुकादम येऊन जोड्या पक्क्या करणार होता. आणि नवी चौकट तर नवमीपर्यंत देवापुढून हलणार नव्हती. मी गयाबाईंशी हुज्जत घातली, लाडीगोडी लावली, एक नारळ मी आत्ताच फोडते म्हटलं. म्हातारी हलेना. मग एकदम माझ्या पिशवीची आठवण झाली.

"आजी, वापरलेलं हत्यार चालतं का?"

"वापरल्यालं? त्याला काय हुतंय? ते कदी बी उचलावं."

मी जुनी चौकट बाहेर काढली. रंग उडालेली, गादीला घामाचे डाग, एका बाजूला चिकटपट्टी. "ही मी वर्षभर खांद्यावर घेतलीय. वर वाळूची पोती ठेवून आमच्या वर्कशॉपच्या जिन्यात चढले-उतरलेय."

गयाबाईंनी ती हातात घेतली, डागांचा वास घेतला, आणि त्यांना जे हसू फुटलं! "आगं माय! पुन्यात बी वज्जी वाहत्यात का बाया! आन् ती बी जिन्यात!" मग चौकट कालिंदाकडे सरकवत म्हणाल्या, "घे. हे तर निस्तं बैलाचं जू हाय. पर हाय वापरल्यालं."

गोदाकाठी

शिरूरकडे आश्विनात ऊस कुठला! पण गेवराई तालुक्यात गोदाकाठी एका बागायतदाराचं बेणं तोडायचं होतं, म्हणजे लागवडीसाठीचा ऊस. भागवतनं ते काम घेतलं होतं. तो अबोल माणूस. मी आल्यापासून त्यानं मला फक्त "या" एवढंच म्हटलं होतं. मी जीप ठरवली, म्हटलं, सगळे मिळून जाऊ.

सकाळी जीप दारात आली आणि कालिंदा बाहेर आली ती मोरपंखी नायलॉनची साडी नेसून, केसांत अबोलीचा गजरा घालून. मी बघतच राहिले. "अहो, आपण ऊस तोडायला चाललोय ना?"

"मंग? तुमच्यासंगं जीपमदी बसायचं, ते काय तोडीचा सदरा घालून? लोक काय म्हनतील?"

वाटेत रान बदलत गेलं. तुरी आणि कापूस सरून पाटाचं पाणी आलं, हिरवा ऊस आला. बागायतदार भला माणूस. त्यानं आधी आम्हांला सावलीत बसवून रस पाजला आणि मग माझ्या चौकटीभोवती फिरून विचारलं, "याच्यावर अनुदान हाय का?" नाही म्हटल्यावर त्याचा रस संपला.

तोडणी सुरू झाली. भागवतचा कोयता बुंध्याला सपासप चालत होता, कालिंदा शेंड्याकडची वाढं छाटून मोळ्या बांधत होती. मग वाहायची वेळ आली. तिनं चौकट खांद्यांवर ठेवली, भागवतनं मोळी उचलून वर दिली. तिनं मान हलवून बघितली, डावीकडे, उजवीकडे. "डोक्याला कायच लागंना!" ती ओरडली. मी टाळ्याच वाजवल्या. ती सपाट रानातून ट्रॉलीपर्यंत झपझप गेली. फळीवर पाय ठेवला, अर्ध्यावर गेली, आणि गुळगुळीत साडीवरून गादी सरकली. चौकट एका अंगाला कलली, मोळी गेली पाण्याच्या चारीत, आणि कालिंदा फळीवरून खाली चिखलात.

मी धावले. तिला लागलं नव्हतं, कोपर खरचटलं होतं आणि गजरा चिखलात गेला होता. पण भागवतचा तोल सुटला. आल्यापासून न बोललेला माणूस, सगळं एकदम बोलला. "बास झालं ते! हाडं मोडून घेशील. मी म्हनलो हुतो, न्हाई जमनार. पोरगी येईल. ठरलंय ते."

कालिंदा चिखलातच उठून बसली. "तुमच्या हाताला मुंग्या आल्या आसत्या, म्हंजी कळलं आसतं! पोरीचं कुनी ठरीवलं? तुमी आन् मुकादमानी? मला इचारलं?"

"मंग कोन उचलील? तू? ह्या साडीत?"

तो 'साडीत' म्हणाला आणि मी डोक्याला हात लावला. आमच्या वर्कशॉपात मी जिन्यात चढायची ती जाड सुती कुर्ता घालून. तोडीला बायका साडीवर पुरुषाचा सुती सदरा घालतातच, अंगाला पाचट लागू नये म्हणून. सगळा हिशेब मी त्या सदऱ्यावर केला होता. आणि आज नेमकी बाई माझ्या मानासाठी नायलॉन नेसून आली होती! मी भागवतला म्हटलं, "दादा, साडी सरकते हो, चौकट नाही. अंगावर सदरा असता तर पडली नसती. एकदा बघू द्या. फक्त एकदा."

तो माझ्याकडे बघत राहिला. बागायतदार, ट्रॅक्टरवाला, सगळे बघत होते. मग त्यानं आपल्या सदऱ्याची बटणं काढली, सदरा झटकला आणि कालिंदापुढे धरला. नुसत्या बनियनवर, एवढ्या लोकांत. तिनं तो साडीवर चढवला, बाह्या खाली ओढल्या, पदर खोचला. मी चौकट तिच्या खांद्यावर बसवली. गादी घट्ट बसली.

या वेळी त्यानं मोळी दिली आणि तो तिच्या मागोमाग गेला, फळीच्या तळाशी हात पसरून उभा राहिला, पोर पहिल्यांदा चालतं तेव्हा आपण राहतो तसा. ती चढली. वर पोचली, खांदा उडवला, मोळी ट्रॉलीत. वरूनच तिनं विचारलं, "बगितलं?"

"बगितलं," तो म्हणाला. "दुसरी घे."

दुपारपर्यंत ती मोळ्या वाहत होती. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. मोळी नेहमीपेक्षा लहान बांधावी लागली, गादीची एक कड तिच्या गळ्याच्या हाडाला लागत होती, आणि माझ्या मापाची चौकट तिच्या रुंद खांद्यांना तोकडी पडत होती. नव्या चौकटी खास या बायकांच्या मापाच्या होत्या, त्यामुळे तोकडेपणाचा प्रश्न नव्हता, गादीची कड तेवढी मऊ करायची होती. पण धपाटे खायला बांधावर बसलो तेव्हा मी तिचा उजवा हात हातात घेतला आणि विचारलं, "मुंग्या?"

तिनं बोटं उघडली, मिटली. "न्हाईत की," ती म्हणाली आणि परत उघडून बघितली. "आज न्हाईत."

डॉक्टरांना परत दाखवायचं, दर महिन्याला दाखवायचं, आणि मुंग्या आल्या की त्या दिवशी ओझं बंद, असं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं. भागवत ऐकत होता. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. परतीच्या वाटेवर जीपमध्ये तो चिखलाचा सदरा घालून बाहेर बघत बसला, आणि मी मेले काळजीनं अर्धी झाले.

खंडेनवमी

मी खरं तर त्या आधीच परतणार होते. घरी फोन केला, म्हटलं, दसऱ्याला पोचते. नवरा म्हणाला, "गाडीला हार कोण घालणार?" म्हटलं, तू घाल, तुला हात आहेत.

मधल्या दिवसांत सुरेखाताईंनी गावातल्या शिंप्याकडून सगळ्या गाद्यांच्या कडा उसवून मऊ करून घेतल्या. शिवणकामाला गयाबाईंची हरकत नव्हती. हत्यार घडवताना पूजा लागत नाही, चालवताना लागते.

नवमीला सकाळीच दारोदार कोयते घासण्याचा आवाज सुरू झाला. अंगण सारवलं, रांगोळी काढली. पाटावर कोयते, विळा, पहार, आणि मधोमध ती चौकट, आता झेंडूनं नुसती मढवलेली. आमच्याकडे दसऱ्याला हार तेवढा माझ्याकडे, बाकी सगळी पूजा पुरुषमाणसं उरकतात. इथे कोयत्याला कुंकू कालिंदानं लावलं आणि चौकटीला भागवतनं. पुरणपोळी होती, आणि मी तिच्यावर दुधाऐवजी गुळवणी घेऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

जेवणं आटोपली आणि मुकादम मोटरसायकलवरून आला. धिप्पाड माणूस, पण बोलायला मऊ. ओट्यावर बसला, पाणी प्यायला. प्रतीक्षा दाराच्या चौकटीला लावायला झेंडू ओवत होती. तिचे हात थांबले. कालिंदा चहा टाकायला उठली होती, ती तशीच उभी राहिली. भागवत काय बोलणार हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

"मंग भागवत," मुकादम म्हणाला, "तू आन् पोरगी. आसंच बोलनं झालतं न्हवं?"

"झालतं," भागवत म्हणाला.

मग तो उठून चौकटीच्या पाटाशी गेला.

"पर आता तसं न्हाई. मी आन् हिची आई."

"आरं, तिची मान? मदीच बसली म्हंजी? टोळीला तरास."

"मानंवर काय घ्यायचंच न्हाई. हे बगा," त्यानं पाटावरची चौकट दाखवली. "मी सोता बगितलंय. मोळी लहान बांधू. कमी पडली तर माज्या खेपा जास्ती."

मुकादमानं चौकट न्याहाळली. "आन् न्हाईच जमलं तर? मंग आननार का पोरीला?"

"न्हाई." भागवतनं मान वर केली. "जमलं तर आमी दोगं, न्हाई जमलं तर मी दुसऱ्या कुनाला जोडीला घेईन. माजा भाऊ हाय. पोरगी म्हातारीपशी ऱ्हाती. धाव्वी हाय तिची."

मुकादम "बरं, तुजी मर्जी," म्हणून उठला आणि पुढच्या घरी गेला. मला ओरडावंसं वाटत होतं. गयाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच शेळीवर खेकसल्या.  कालिंदा पोरीकडे वळली.

"ऐकलंस का गं? आता नापास झालीस ना, तर हीच चौकट तुज्या टाळक्यात घालीन!"

प्रतीक्षा हसली. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती ओवलेली माळ, सुई, सगळं तिथंच टाकून धावत येऊन आईच्या गळ्यात पडली.

"आगं हळू!" कालिंदा ओरडली. "मान! माजी मान!"